पिकअप

अप्पा बळवंत चौकात, वह्यांच्या दुकानावर एक खोली.
जिन्याला दिवा नाही, कठड्याला धरून चढायचं.
मंगळवार, शुक्रवार, सहा ते सात.
घारपुरे बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले
आणि हात झटकले:
पिक अप.
सांगा, कोणाला काय काय येतं.

मला हसूच आलं.
अकरा वर्षं हिंजवडीची नाईट मारतोय,
या शब्दावर घर चालतं माझं.
बावधन, पावणेदहा, इक्बाल सर, पिकअप.
वाकड, दहा पंचवीस, निशिगंधा मॅडम, पिकअप.
पहाटे त्याच रस्त्याने उलटं, ड्रॉप.

पण वर्गात प्रत्येकाचा वेगळा होता.
फोन उचलणे, म्हणाली ब्लाऊज शिवणारी कुंदा.
पोराला शाळेतून आणणे, म्हणाले सोनावणे काका,
त्यांचा नातू बाकाखाली गाडी खेळत होता.
कोपऱ्यातला लुकडा, तोंड न उघडणारा, म्हणाला,
पोलीस उचलतात, ते पण?
बाई थोडं थांबल्या. म्हणाल्या, ते पण.

भाषासुद्धा उचलता येते, म्हणाल्या,
न शिकता, नुसती कानावर पडून.
तशी आमच्या प्रांजलने उचलली, सहावीत आहे.
मांजरीने पिल्लू उचलावं तशी,
मानेला धरून, दात न लावता.
मी उचलायला जातो तर शब्द रक्ताळतो.

कोथरूडकडून चांदणी चौकाचा चढ आला की
माझी गाडी धापा टाकते. हिला पिकअप नाही,
हे इंग्रजी की मराठी, विचारायचं राहिलं.
बरंच राहिलं.
मालकाकडून घेतलेली वीस हजारांची उचल,
दर महिन्याला कापतात, तरी उरतेच.
उचलली जीभ लावली टाळ्याला, ते आमच्या मेव्हण्याचं.
आणि वडील गेले तेव्हा अंगणात कोणीतरी,
वाईट नव्हता तो माणूस, घड्याळ बघत म्हणाला,
उचला आता, ऊन चढतंय.

बाई, मी हात वर केला,
एक वाक्य आहे, ऐकलेलं.
इट विल पिक अप.
यात उचलतंय कोण?

मागच्या सीटवर तीन रात्री तेच वाक्य होतं.
निशिगंधा मॅडम फोनवर, बहुतेक आईशी,
आवाज अगदी सपाट, विजेचं बिल वाचावं तसा.
इट विल पिक अप, आई. इट विल.
सोमवारी यादी आली तर त्यात वाकडच नव्हतं.
कोणी काही सांगत नाही आम्हाला.
रस्ता सात मिनिटांनी कमी होतो, त्यावरून कळतं.

बाई म्हणाल्या, कोणी उचलत नाही यात.
आपोआप होतं. मंदी जाते, धंदा सावरतो,
आजारी माणूस पेज मागायला लागतो.
मग शोधून शोधून त्यांनी एक शब्द लिहिला: उभारी धरणे.
खडू संपत आला होता, शेवटचा णे पुसटच उमटला.

आपोआप.
चांदणी चौकात आजवर मी काहीच
आपोआप वर चढलेलं पाहिलं नाही,
तरी वहीत उतरवून घेतलं.

त्या रात्री सरांना विचारलं, वाकडवरून घेऊ का जरा?
घे की, म्हणाले, आणि डोळे मिटले.
मॅडमचा डबा सीटखाली सापडला होता,
जांभळ्या पिशवीत, तीन खणांचा.
बायकोने घासला, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून
मधल्या खणात चार तिळाच्या वड्या ठेवल्या.

दहा पंचवीस. तेच गेट, तोच वॉचमन,
झोपेतच वही पुढे करत म्हणाला,
पिकअप ना?

नाही, म्हटलं.
ड्रॉप.