कोरडं वजन

गाडी मुळात तेरा सीटची.
ऐरोलीच्या कॉल सेंटरमधली पोरं रात्री नेता-आणता
तिची कंबर गेलेली.
कळंबोलीत, लोखंड बाजाराच्या मागे, करतारसिंगने ती सोलली
आणि मी ट्रेसिंग पेपरवर तिचं पोट काढून दिलं:
इथे ओटा, इथे पलंग,
पलंगाखाली ऐंशी लिटरची टाकी.
पडदे नलूच्या जुन्या परकरांचे.
रबाळ्याच्या कंपनीत बत्तीस वर्षं मी बॉयलर काढले.
राहायला जावं असं ड्रॉइंग हे एकच.

दोन हिवाळे गेलो.
जैसलमेर, खुरी, त्याच्याही पुढे,
जिथे रस्ता बोलता बोलता विषय विसरतो.
पहिल्याच दिवशी मागचं चाक एक्सलपर्यंत रुतलं.
उंटवाला खाली उतरलासुद्धा नाही.
हवा सोडा, म्हणाला, निम्मी.
सोडली, तर गाडी
मोठेपणा टाकल्यासारखी निघाली.
रात्री गारठ्याने पत्रा टिकटिक वाजायचा.
पाणी किती उरलंय ते नलू टाकी ठोकून सांगायची,
भांडी वाळूने घासायची,
आणि मला म्हणायची, चूळ भरलीस ना, आता गिळ.

यंदा मंगळवार, गुरुवार, शनिवार सानपाडा.
चार-चार तास. दोन सुया.
शनिवार दुपार ते मंगळवार सकाळ,
एवढाच काय तो लांब दोर.
त्या दोराने जाता येईल तिथे जातो:
पारसिकच्या डोंगरात, बंद पडलेल्या दगडखाणीत.
डंपरच्या वाटा अजून आहेत, नकाशात नाहीत.
दुसऱ्या गियरमध्ये, ताशी आठच्या वेगाने
आम्ही त्या एकेक संपवतो.
एक वाट गंजलेल्या क्रशरपाशी मरते,
एक हिरव्या, तळ नसलेल्या डबक्यापाशी,
एक निवडुंगात शिरते आणि परत येताना दुसरीच असते.
कातळावर सुरुंगाची भोकं, सगळी एका रेषेत.
कोणीतरी पट्टी लावून मारलेली. मला बरं वाटतं.

रखवालदार हसुराम संध्याकाळी विडी प्यायला येतो.
राखाला काय रेलाय आता, म्हणतो, दगर त कवाच गेला.

मी नलूला म्हटलं, खाडीवर रोहित आलेत,
थेट कच्छहून. जाऊया?
ती म्हणाली, ते चौकात सिमेंटचे उभे आहेत ना,
आठवड्यातून तीनदा बघते.

तिची बाटली पाऊण लिटरची.
स्केचपेनने मीच रेघा मारल्यात, सवयीने, फार बारीक.
सकाळी गोळ्यांबरोबर पन्नास. चहा साठ.
दुपारी बर्फाचा एक खडा, तोही रेघेतून वजा.
भात आहे, पण आमटी नाही.
आणि रात्री ती झोपते पलंगावर,
खाली ऐंशी लिटर.
कूस बदलली की टाकीत हलकंसं डुचमळतं.
ते दोघांनाही ऐकू येतं.

सानपाड्याची सिस्टर विचारते, कोरडं वजन किती?
बेचाळीस सहाशे, नलू सांगते.
बॉयलरच्या ड्रॉइंगमध्ये उजव्या कोपऱ्यात
मी दोन आकडे लिहायचो:
कोरडं वजन, पाणी भरून वजन.
पाया नेहमी दुसऱ्या आकड्याचा धरायचा.
हे मी सिस्टरला एकदा सांगायला गेलो
आणि मध्येच थांबलो.

काल सोमवार. सूर्य तुर्भ्याच्या चिमण्यांमागे गेला
तशी नलू म्हणाली, वरच्या टप्प्यावर जाऊ.
वर नुसता भुगा, गुडघाभर.
चाक फिरलं, फिरलं, खाली बसलं.
मी शिव्या देत फावडं शोधतोय,
ती दार उघडून पायरीवर येऊन बसली.
हवा सोड, म्हणाली.

मी गुडघ्यावर. व्हॉल्व्हवर आगपेटीची काडी.
सूंऽऽ करत थंडीत हवा जात राहिली.
मीटर घरी राहिलेला.
ती कान देऊन बसलेली,
टाकी ठोकताना बसायची तशी.

आणखी, म्हणाली.
आणखी थोडी.
बास.

आणि हो,
सकाळी सानपाड्याच्या आधी
पंपावर थांबायचंय, विसरशील.