अर्धा गुण

रुवीत, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर
मंगळवार-गुरुवार, सात ते नऊ, जर्मन.
जिन्यात इस्त्रीची वाफ, वर एसीचं गळतं पाणी
आणि फळ्यावर झुवैना बाईंचं अक्षर,
येना शहरात सहा हिवाळे काढून आलेलं,
अजून कोटाची बटणं लावून बसल्यासारखं.

नामाचं लिंग चुकलं की अर्धा गुण जातो.
रिन्शाच्या मल्याळममध्ये खुर्चीला लिंगच नाही,
ती रडकुंडीला येते.
मुहन्नदकडे दोन आहेत,
तिसरं ठेवायला त्याला जागा सापडत नाही.
माझ्याकडे तिन्ही.
फी न भरता मिळालेली,
कधी मोजलीसुद्धा नव्हती.

म्हणून कार्डं मी गाडीतच पाठ करते,
वादी कबीरच्या चढावर, बाबांना विचारत.
बाबा घुब्र्याच्या प्लांटवर
समुद्रातलं मीठ वेगळं करतात,
एकोणीस वर्षं.
जर्मन येत नाही, मराठीतून ठोकून देतात:
पाणी? दास. मीठ? दास.
घर, तेल, जहाज, पुस्तक?
दास, दास, दास, दास,
बरोबर, बरोबर, मागून हॉर्न, बरोबर.
भाषा डी, जीभ डी, भीतीसुद्धा डी.
"अगं, सोप्पं आहे की!"
साखर? डी. चूक, बाबा.
सूर्य? डेर.
चूक.
"सूर्य बाई?"
सहा वाजून गेले तरी
डॅशबोर्डला हात लावता येत नव्हता.
"एकोणीस वर्षं हिच्याखाली उभा आहे,
कुणी बोललं नाही."

झुवैना बाईंना सांगितलं, त्या खूप हसल्या.
अरबीतही ती 'ती'च, म्हणाल्या. शम्स.
इथे कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं.
हे मी घरी सांगितलं नाही.

तिकडे रविवारी भिंतीत ड्रिल मारायचं नाही.
बाटलीचे पैसे बाटली परत केल्यावर.
अनोळखी माणसाला 'झी',
हे मला कुणी शिकवायला नको,
शेजारच्या काकांना 'तुम्ही' म्हणतच वाढले.
बर्फावर दहा वाक्यं, भूतकाळात.
मी मत्राच्या मासळीबाजारातला बर्फ लिहिला,
सुरमईखालचा, गुलाबी होत गेलेला.
बाईंनी एकच शब्द बदलला:
हे आइस. श्ने वेगळा.
खाली तारीख, आणि बाहेर चव्वेचाळीस.

मुलगी नपुंसकलिंगी आहे
हे कळल्यावर रिन्शाने वहीच मिटली.
मला काही वाटलं नाही.
वेंगुर्ल्याहून आई रोज रात्री विचारते,
"चेडू जेवलां काय?"
बाबा सांगतात, "जेवलां, आता निजलां."
मी आतल्या खोलीत जागी,
जन्मापासून 'तां',
दास मेडशेन.

तोंडी परीक्षेला तीनच मिनिटं.
पहिला प्रश्न सगळ्यांना तोच असतो:
आपण कुठून आलात?
उत्तर सोपं, चार शब्दांचं,
क्रियापदसुद्धा जागेवर बसतं.
गावाचं नाव घ्यायचं तेवढं राहतं.
जन्म इथला, खौलाच्या दवाखान्यातला.
पासपोर्ट तिथला.
रेसिडेंट कार्ड बाबांच्या नोकरीला बांधलेलं,
आणि अर्ज भरतेय तो तिसरीकडचा.
मी सरावात दर वेळी वेगळं नाव घेते.
बाई व्याकरण तपासतात, नाव नाही.

काल परत येताना शेवटचं कार्ड काढलं.
हायमाट.
"म्हणजे?"
म्हणजे गाव, म्हटलं. आपलं गाव म्हणतो ना, ते.
"'ते' गाव, मग दास."
चूक. डी.
बाबांनी मान हलवली. गेला अर्धा गुण.
"अनेकवचन?"
आजवर त्यांनी अनेकवचन कधी विचारलं नव्हतं.
शब्दकोशात आहे, म्हटलं,
पण बाई म्हणतात कोणी वापरत नाही.
सिग्नल हिरवा होऊन गेला होता.
"बरं," म्हणाले, "पुढचं घे."
पुढचं नव्हतं.
मी पहिल्यापासून सुरू केलं.
पाणी?