मुदत सहा महिने

डॉक्टर पुथ्रन यांनी आधी आयोडीन फासलं,
वरून मक्याचं पीठ भुरभुरवलं,
म्हणाल्या, आता नुसतं बघा.
पिवळ्या तळव्यावर एकेक ठिपका
काळानिळा उगवत गेला,
ओहोटीच्या चिखलात
खेकड्यांच्या बिळांतून पाणी वर यावं तसा.
दोन मिनिटांत हात असा,
की कुणी जांभळाखाली विसरून गेलंय.

नेरूळ, पहिला मजला, खाली चष्म्यांचं दुकान.
अडतीस वर्षं लपवलेली गोष्ट
ट्यूबलाइटखाली उघडी.

भूमितीच्या पेपरात माझी वर्तुळं विरघळायची.
लग्नात भटजींनी हातावर हात ठेवला
आणि नवऱ्याकडे बघून समजुतीनं हसले.
पामबीचचा सिग्नल ओलांडताना
मुलगा माझं मनगट धरतो, हात नाही.
म्हणतो, मासळीसारखा लागतो.
आणि नोकरी कुठं, तर बेलापूरला, दस्त नोंदणीत.
दिवसभर लोकांचे अंगठे काचेवर टेकवायचे
आणि सकाळी माझाच अंगठा
हजेरीचं यंत्र घेत नाही.
पुन्हा प्रयत्न करा.
पुन्हा प्रयत्न करा.

मग त्यांनी पेनानं चौकोन आखले,
सेंटिमीटरला एक रेघ, बांधाला लागून बांध,
आणि माझ्या तळव्यात
बाबांचं आगर मांडलं गेलं.
असेच वाफे होते खाडीपलीकडे.
आता तिथं कुंपण आहे, कुंपणावर सूचना.
लहानपणी बाबा माझी मूठ उघडून म्हणायचे,
तुजे हातान मिठागर हाय गो बाय,
आपलं सरकारला नेऊ दे.

मनगटात भूल दिली, तरी पहिल्या तीन सुया कळल्या.
डाव्या हातात अडतीस मोजल्या, उजव्यात मोजायचं सोडलं.
मुळात हे विषच, त्या म्हणाल्या,
पण इतकं थोडं,
की नस फक्त निरोप द्यायला विसरते.
डाव्याचे पैसे भिशीतून.
उजव्याचे बोनसमधून.

नवव्या दिवशी कागद वाजला.
माझ्या हातात कागद कधी वाजलाच नव्हता,
मी तोच दस्त उगाच चारदा उलटला.
अंगठ्यात जोर नव्हता, तीन आठवडे
कुकरचं झाकण नवऱ्यानं लावलं, कुरकुरत.
पण यंत्रात हिरवा दिवा.
शिपाई तावडे म्हणाला, मॅडम, बदली झाली का तुमची?

नोव्हेंबरात बाबांचा हयातीचा दाखला.
आगर गेल्यावर तुर्भ्याच्या कंपनीत
बावीस वर्षं पहारा केला, त्याची पेन्शन.
वर्षातून एकदा जिवंत आहोत हे सांगायला जायचं.
त्यांच्या अंगठ्याच्या रेषा मिठानं कधीच खाल्ल्यात,
एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं ते कबूल करत नाहीत.
मी अंगठा धरला, काचेवर दाबला.
त्यांनी झटक्यात ओढून घेतला.
कोन हाय?
मी, बाबा.
ह्यो तुजा हात नाय.

आणि तेव्हा कळलं,
गेली सगळी वर्षं त्यांचा ठसा उठत होता
तो माझ्या ओलीवर.
आता कोरड्यात कोरडं.
चार वेळा नाही, पाचव्यांदा नाही,
मागे रांग, पंखा, कुणाचं तरी खोकणं.
शेवटी तिकिटं चिकटवायचा स्पंज
कारकुनानं पुढं सरकवला.
सहाव्यांदा बाबा जिवंत निघाले.
रिक्षात बसल्यावर ते माझ्या हाताकडे
हात न लावता बघत राहिले,
मग वाशीपर्यंत भलतंच बोलले, डासांबद्दल.

हा एप्रिल. कालपासून
करंगळीच्या बुडाशी किंचित काही आहे.
घरात कुणाला सांगितलं नाही.
दवाखान्यातून फोन आला, मंगळवारी चार वाजता या,
मुदत संपत आली असेल.
मी हो म्हटलं.
मग बोटांवर मोजायला लागले,
एप्रिलपासून सहा,
म्हणजे ऑक्टोबर.
कुणाकुणाला सात महिने टिकतं, म्हणाल्या होत्या.
कुणाला आठही.