अद्ययावत

हिरकनबाईचा फोन
आधी सुरतेत लेकाच्या खिशात होता,
मग सुनेच्या पर्समध्ये,
मग पॅसेंजरने, शेवेच्या डब्याशेजारी,
अमळनेरला आला.
उसवलेले स्वेटर येतात तसा,
लहान झालेले बूट येतात तसा.

मागच्या दिवाळीत माझ्याच काउंटरवर
मी त्यात नवी बॅटरी घातली. साडेचारशे.
वर काच, दीडशे.
म्हणालो, मावशी, अजून पाच वर्षं काढेल.
खोटं नव्हतं ते.
आजही चालतो.

काल ती आली.
बिबड्यांच्या पिठाचे हात पदराला पुसून
तिने फोन ठेवला, शेजारणीचं आजारी पोर ठेवावं तसा.
"भाऊ, ना वाजना, ना हालना.
रातभर उशाजोडे व्हता.
सकायले दखं, ते गटना पैसा नहीत.
कथा गयात?"
एक्केचाळीस हजार सातशे.
अकरा जणींनी गच्चीवर, उन्हात
वाळवलेले पैसे.

मंगळवारी एक पत्रिका आली होती,
अनोळखी नंबरावरून. गणपती, तोरण, वर-वधूची आद्याक्षरं.
लग्नसराईत पत्रिका कोण परतवतं?
तिने बोट लावलं. उघडलीच नाही म्हणते.
उघडली होती. आतल्या बाजूने.
रात्री दोन वाजून तेरा मिनिटांनी बँकेचे आकडे आले,
तिच्याआधी दुसऱ्याच कोणी वाचले,
आणि पुसूनही टाकले.

मी सेटिंगमध्ये गेलो,
खाली, आणखी खाली,
जिथे गिऱ्हाईक कधी जात नाही.
सुरक्षा पॅच : ऑगस्ट २०१८.
'अपडेट तपासा' दाबलं.
गोल फिरलं, फिरलं. हिरवी खूण.
तुमची सिस्टिम अद्ययावत आहे.

माझे आजोबा गावचे जागले.
मध्यरात्री पारापासून नाल्यापर्यंत
काठी आपटत जायचे;
कोणाची कडी सैल, कोणाच्या कुडाला नवं भोक,
उजाडलं की घरोघर सांगायचे,
आणि माणसं कुरकुरत का होईना, लिंपून घ्यायची.
आजोबा गेले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही.
गाव झोपत राहिलं, पूर्वीइतकंच गाढ,
काठीचा त्रास नाही म्हणून जरा जास्तच.
कोणत्या गावचा जागल्या गेला
याची यादी मात्र चोरांना तोंडपाठ.

"मंग तो असा कसा म्हने, सम्दं बराबर से?"
मी १९३० लावत होतो. लागेना.
तिने तीनदा विचारलं.
मला बॅटरी बदलता येते, काच बदलता येते,
चार्जिंगची पिन तर डोळे मिटून.
तिसऱ्यांदा मी म्हणालो,
मावशी, कंपनीनं बंद केलं पाठवणं.
ते असंच सांगतात.
ती बराच वेळ त्या हिरव्या खुणेकडे बघत होती.

तक्रार नोंदली. नंबर लिहून दिला, वहीच्या पानावर,
कारण फोनमध्ये काही ठेवू नका, असं मीच सांगितलं होतं.
सिम काढून बटणवाल्यात घातलं.
जुन्यात राहिले नातवाचे फोटो
आणि टॉर्च.
दिवाळीचे सहाशे परत करायला काढले होते,
तिने घेतले नाहीत.
ड्रॉवरमध्ये आहेत, वेगळे.

आज सकाळी शटर अर्धं वर,
तर पायरीवर उरलेल्या दहा जणी.
काउंटरवर फोन मांडले ओळीने,
एकाला रबर बँड, एकाच्या पाठीवर साईबाबा,
एकाची काच मीच बसवलेली.
एकेक उघडत गेलो. तारखा वाचत गेलो मोठ्याने,
रेशन दुकानात नावं वाचतात तशा.
मार्च वीस. डिसेंबर एकोणीस. जून सतरा.
प्रत्येकाखाली तेच वाक्य, तीच खूण.

जून सतराला मागून कोणीतरी हसलं,
"त्या सालात ते आमनी पिंकी जन्मनी.
आते चौथीमा से."