तातेला लोखंड नसतं

उद्यमनगरात माझं रिवाइंडिंगचं दुकान.
विहिरीतल्या मोटरी येतात, जळक्या, वास मारत.
त्यांची आतडी ओढून काढायची,
तांब्याची नवी भरायची.
त्या दिवशी टेम्पोतून उतरलं
ते माणसापेक्षा उंच, रजईत गुंडाळलेलं लाकडी धूड,
आणि मागोमाग सुकन्या वायदंडे,
हलगीवाल्या आप्पांची पोर.
"बास आहे," म्हणाली, "बंद स्टुडिओच्या गोदामातला.
मैदानात शेवटच्या रांगेला ऐकू गेला पाहिजे."

घोडीच्या एका पायाखाली
कुणीतरी दुमडून सारलेलं सिनेमाचं तिकीट.
तेवढ्यावर चाळीस वर्षं उभा होता गडी.

तिनं दाखवलं:
तार बोटात धरून ओढायची, सोडायची,
ती पट्टीवर आपटते. लगेच तळहात. पुन्हा ओढ.
"पैलवान शड्डू ठोकतो ना, तसं.
पण सूर सुटला नाही पाहिजे."
तिच्या बोटाचं साल निघालं होतं.
लोखंडी तारा, त्याही चार बोटं वर.

इस्माईल बागवाननं घोडीचे पाय कापले
(मी तोंड फिरवलं)
आणि लेथवर काढलेली आट्यांची पितळी चाकं मध्ये बसवली.
फिरवलं की वर, फिरवलं की खाली.
एक सूत खाली: तार पट्टीला चिकटून फडफडते.
दोन सूत वर: नुसता सूर, टण् नाही.
अर्ध्या सुतावर तिघांची तीन दिवस भांडणं.

लोखंड काढून तिनं तात चढवली,
मिरजेच्या एका म्हाताऱ्यानं वळलेली, शेळीच्या आतड्याची.
आतडी म्हटल्यावर मला उमेद आली.
केसाएवढ्या तारेचे सहा हजार वेढे,
जुन्या स्पीकरचा चुंबक,
दोन रात्री जागून कॉइल केली. लावली.
ती वाजवत राहिली.
स्पीकर गप्प.
इस्माईल हसून हसून स्टुलावरून पडायचा बाकी.
तातेला लोखंड नसतं,
चुंबकानं ओळखायचं कुणाला?
तीस वर्षं हाच धंदा करतो मी.

मग बझर फोडून आतल्या पितळी चकत्या काढल्या.
एक घोडीच्या पायाखाली, तिकिटाच्या जागी,
ती सूर ऐकते.
दुसरी पट्टीच्या टोकाला,
ती फक्त मार ऐकते.
दोघींना वेगळी बटणं, कारण दोघी एकमेकींवर ओरडतात.
आवाज वाढवला तर धूडच हंबरायला लागलं,
स्पीकरचं ऐकून पुन्हा स्पीकरला सांगणारं.
त्याच्या वाकड्या भोकांत
स्प्लेंडरच्या सीटचा फोम कोंबला.
गप बसलं.

राहिली ती घूं.
वीजबोर्डाची, पन्नास हर्ट्झची,
जिच्यात माझं आयुष्य गेलं आणि जी मला ऐकू येत नाही.
सुकन्या म्हणाली, "हा माझा खालचा जी. जरासा चढा."
एवढी वर्षं मी सुरात होतो म्हणायचं,
थोडा चढा.

मागच्या बोळात खड्डा खणला,
मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी,
वायर आत घेतली.
घूं गेली
आणि दुकानात काहीच उरलं नाही.
इस्माईलनंही लेथ बंद केला होता.

तिनं तार ओढली.
सोडली.
शटर हादरलं, फळीवरच्या बेअरिंगा नाचल्या,
समोरच्या चहावाल्यानं वर बघितलं.
दुसरी तार अजून किंचित फडफडत होती.
मी चाकाला हात घातला, ती म्हणाली,
"असू दे. तिला तसंच बोलायचंय."

दारात आप्पा उभे, काखेत हलगी.
किती वेळचे, कुणास ठाऊक.
पुढं येऊन त्यांनी लाकडावर पंजा ठेवला,
म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा.
"हलगी शेकावी लागती," म्हणाले,
"हिला काय करता?"

"अर्थिंगला पाणी घालतो, आप्पा."

त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी.
तेव्हापासून दुकान उघडलं की
आधी एक तांब्या मागच्या खड्ड्यात.
बास गेला तिच्यासोबत कधीच.