उसनी सांडणी

नैरोबीच्या कचेरीत माझ्या टेबलावर
आफ्रिका पसरलेली असते.
गुंडाळू नये म्हणून चार कोपऱ्यांवर
दोन शिक्के, एक कप,
आणि ओचोला साहेबांच्या चष्म्याची डबी.
भाषा दोन हजारांच्या घरात,
पेटीत रंग चोवीस.
साहेब म्हणतात, म्बुला,
शेजारी-शेजारी एकच रंग येऊ देऊ नकोस,
बाकी सगळं चालतं.

नऊ वर्षं चालवते आहे.
तुर्काना तपकिरी, बोराना निळे,
गाब्रा जांभळे, कारण त्या दिवशी जांभळा उरला होता.
रंग चुकला की मंत्रालयातून फोन येतो.
माणूस चुकला तर कुणाचाच येत नाही.

यंदा रेंदिले आणि सांबुरू यांच्यामधली रेघ
पक्की करून आण म्हणाले.
लाइसामिसच्या पुढे गाडी सोडली,
खडकाळ रानात दीड तास चालले,
यंत्राने टूं केलं तिथे थांबले.
रेघेवर एक झोपडी होती.
दारात नोलारी नावाची बाई
लाकडी चरवी धुराने शेकत बसलेली.

ती बकऱ्यांना हाकायची सांबुरूत,
सांडणीला चुचकारायची रेंदिलेत,
आणि माझ्याशी अशी स्वाहिली बोलली
की अडखळले ते मीच.
तक्त्यात रकाना एक होता: मातृभाषा.
ती म्हणाली, आईची सांगू की सासूची?
की आई ज्या भाषेत भांडायची ती?

नकाशा तिने मांडीवर घेतला,
उलटा.
मी सुलटा केला, तिने पुन्हा उलटा केला,
कारण डोंगर तिच्या पाठीशी होता
आणि कागदावर तो तोंडासमोर येत होता.
अंगठा ठेवला. अंगठ्याखाली
तिचा सगळा मुलूख गेला.
माझी सांडणी कुठंय यात?

मग चुलीतली राख ओढून तिने जमिनीवर पसरली
आणि काटकीने काढायला लागली.
ही मी.
ही कोरचा वांबिले. त्याला एक कालवड दिली,
उसनी, दुष्काळाच्या साली.
कालवड नाही गं, उंटाची पोर,
तुमच्याकडे काय म्हणतात कोण जाणे.
तिची पहिली मादी त्याने दिली
चाल्बीच्या वाळवंटात, तालासोच्या नवऱ्याला.
तिचीही एक झाली.
ती एकालच्या पोरांनी रात्रीत पळवली.
इथे काटकी जरा जोरात दाबली गेली.
ही पण रेघच, म्हणाली, उलट्या बाजूने ओढलेली.

परत मागत नाही का तुम्ही?
दिलेलं जनावर मागायचं नसतं.
नुसतं विचारत राहायचं, कशी आहे म्हणून.

राखेत आता जाळं झालं होतं
आणि कुठेही कुंपण नव्हतं.
मी फोटो काढणार
तेवढ्यात एक बकरी त्यावरून चालत गेली.

नैरोबीत येऊन त्या जागी
मी दोन्ही रंगांच्या बारीक तिरक्या रेघा मारल्या,
एकमेकींत घुसलेल्या.
साहेबांनी कागद उजेडाकडे धरला.
शाई फुटलीय इथे, म्हणाले.
मी हो म्हटलं. नाही म्हणायला
राख लागली असती.

घरी माझी लेक
बापाशी किनारपट्टीची स्वाहिली बोलते,
माझ्याशी कांबा, तीही पैसे हवे असले तर,
झोपेत काय बोलते ते मला कळत नाही.
तिला कोणता रंग देऊ, हे कुणी विचारलेलं नाही अजून.

काल दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर,
मागे वारा, बकऱ्या, कुणाची तरी हाक.
वांबिलेकडची व्याली, नोलारी ओरडत होती,
मादी झाली, मादी!
तुझ्या कागदावर घाल.

मी सूची काढली. शाळा, दवाखाना, विहीर,
हंगामी नदी, पोलीस चौकी, विमानाची धावपट्टी.
पेन्सिलीला टोक केलं.
कोरच्या थोडं खाली, हात स्थिर ठेवून,
एक ठिपका दिला.
ओचोला साहेब चष्म्याची डबी उचलायला आले
आणि उत्तरेचा कोपरा
अलगद गुंडाळत माझ्या हातावर आला.