कारण नमूद नाही

नायना पुठ्ठ्याला भोकं पाडायचे.
भद्रावती पेठेत, पत्र्याखाली,
आलेखाच्या कागदावर आधी मोर काढून
मग चौकट चौकट मोजत:
इथे भोक, इथे कोरं, इथे भोक.
सहाशे पुठ्ठे दोऱ्यानं एकमेकांना शिवले
की माळ जेकार्डवर चढायची.
मधला एक जरी कुणी उपसला
तरी मोराची मान मोडायची,
लबाडी पहिल्याच चादरीत उघडी पडायची.

मला साखळी कळली ती तिथे.
पुढे पुण्यात सरांनी फळ्यावर चौकोन काढले,
प्रत्येकाच्या पोटात आधीच्याचा ठसा,
तेव्हा मी वहीत एवढंच लिहिलं: पुठ्ठे.

आता आमच्या गल्लीतल्या त्रेसष्ट मागांवर
पाच एजंट राबतात. माणसं नव्हेत,
दलालही नव्हेत, हे कारखानदारांना पटवायला दोन महिने गेले.
एक सुताचा भाव पाहतो, एक विजेचा भार,
एक कुठल्या मागावर कुठला टॉवेल ते वाटतो,
एक रात्री अडीचला टेंपोवाल्यांशी घासाघीस करतो,
आणि पाचवा नुसता या चौघांवर डोळा ठेवतो,
कारण चौघंही आपापल्या धन्याचे.
करार स्वतःच हिशेब करतो:
नग मोजले, वजन उतरलं, पैसे सुटले.
मल्लेशम बत्तुलला शनिवारी
मुकादमाच्या दारात ताटकळावं लागत नाही.
हे मी केलं. याचा मला गर्व होता. आहेही.

मार्चमधल्या एका मंगळवारी राजव्वा कुडक्याल गेली.
चाळीस वर्षं कांड्या भरल्या तिनं.
तिरडी गल्लीतून निघाली
आणि माग थांबले.
कुणी सांगितलं नाही. सांगायचं नसतंच.
पहिला थांबला, मग शेजारचा, मग समोरचा,
खटखट विरत विरत कोपऱ्यापर्यंत गेली,
आणि ऐकू आलं की
आमच्या गल्लीत कावळेही आहेत.

चार दहा ते चार पन्नास.
रात्री बाराला करारानं दंड कापला.
माणशी अडतीस रुपये.
कारण: नमूद नाही.

मल्लेशम आला. ओरडला नाही.
म्हणाला, ‘मालकाला मनातल्या मनात
शिव्या तरी घालता यायच्या.
आता कुणाला घालू?’

मी नोंदी उघडल्या. त्या दुपारचं एजंटांचं बोलणं:
वीजवाला म्हणतो, भार शून्य, तारा शाबूत.
वाटपवाला म्हणतो, त्रेसष्ट माग एकदम बिघडत नाहीत.
टेंपोवाला म्हणतो, रस्ता अडलाय, माणसं पायी.
सूतवाला गप्प.
पाचव्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं, कलम पाहिलं
आणि लिहिलं होतं तेच केलं.
लिहिलं मीच होतं.
किती जवळ आले होते बिचारे,
एका शब्दाच्या अंतरावर.

नायनांना सांगितलं तर शेंगा सोलत म्हणाले,
‘भोक चुकलं की आम्ही खळ लावून कागद चिकटवायचो.’
इथे चिकटत नाही, नायना.
मागचा पुठ्ठा तसाच राहतो. पुढे नवा ओवता येतो.
‘सरे. ओव मग.’
आणि टरफलं झटकून,
‘पण मेलं कोण, हे यंत्राला सांगणार कोण?
उद्या कुणी खोटंच मेलं तर?’

म्हणून नव्या कलमात
गल्लीतल्या तीन घरांचे तीन अंगठे घातले,
तीन वेगळ्या चुलींचे.
दोघं जुळले तरी दंड नाही.
अडतीस रुपये परत गेले, वेगळी नोंद होऊन.
जुनी नोंद मात्र आहे तिथेच,
कुठल्या कुठल्या देशांतल्या यंत्रांवर
चाळीस मिनिटांची ती गप्प पट्टी,
राजव्वाच्या नावाशिवाय.

एक रकाना राहिलाय.
खरेदीदाराचा एजंट दर तासाला विचारतो, सभ्यपणे:
एका माणसामागे कमाल किती मिनिटं?
मी अजून भरलेला नाही.